एमआरआय नॉर्मल आहे, मग दोष कुठे?

रमजानच्या थोडे आधी कोकणातून एका भगिनीचे चार पानांचे पत्र आमच्याकडे आले. मुलगा साडेचार वर्षांचा. जन्मला तेव्हापासून अंग सैल, मान उशिरा धरली, तिसऱ्या वर्षी चालू लागला आणि अजून एक शब्द बोललेला नाही. ‘अम्मी’सुद्धा नाही. मुंबईला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. अहवालावर ‘नॉर्मल’ असे लिहून आले आणि त्यानंतर घरात जे सुरू झाले, त्यातच पत्राची तीन पाने गेली होती.

मेंदू ठीक आहे म्हटल्यावर दोष कुणाचा तरी असायलाच हवा. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. नणंदेला गरोदरपणातले ग्रहण आठवले. एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘लग्न नात्यातले आहे का?’ आहे, मामेभावाशी. त्या दिवसापासून सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. लग्न नात्यातले असेल तर नवराही तेवढाच नात्यातला. मग नजरा तिच्याकडेच का? हे तिने विचारलेले नाही, आम्ही विचारतो.

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला लावली. त्या अहवालात एक नाव निघाले: शँक-३. भगिनीने ते ‘शंख-तीन’ असे लिहिले होते आणि शेवटी दोन प्रश्न होते. हा शंख मेंदूत नेमका कुठे असतो? आणि असतो तर एमआरआयमध्ये का दिसला नाही?

आम्ही डॉक्टर नव्हे. पण या दोन प्रश्नांनी आम्हाला दोन महिने वाचायला लावले. कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर जगातल्या शास्त्रज्ञांनाही गेल्या पंधरा-वीस वर्षांतच नीट देता आले आहे, आणि त्यासाठी त्यांना आधी सूक्ष्मदर्शक यंत्राची सव्वाशे वर्षे जुनी मर्यादा मोडावी लागली.

दोन घरांमधली गल्ली

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी आहेत. या पेशी एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या असतात, पण पुरत्या नाही. एकीचे टोक जिथे दुसरीजवळ येते, तिथे मध्ये एक बारीक फट राहते. या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. फटीची रुंदी सुमारे २० नॅनोमीटर. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर. आपला एक केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. यावरून अंदाज करावा.

दाट मोहल्ल्यातली एक अरुंद गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या समोरासमोर. अलीकडच्या खिडकीतून कुणी मूठभर फुटाणे फेकते, पलीकडच्या खिडकीतून कुणी ओंजळ पुढे करते. सिनॅप्समध्ये असेच घडते. अलीकडच्या पेशीत रसायनाने भरलेल्या इवल्याशा पिशव्या असतात. संदेश आला की पिशवी फुटते, रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीवरची ग्राहक प्रथिने ते झेलतात. मेंदूत बहुतेक ठिकाणी हे रसायन ग्लुटामेट असते. चालणे, बोलणे, आईचा चेहरा ओळखणे हे सगळे अशाच फेकाफेकीवर चालते.

आता ओंजळ धरणारा खिडकीतच उभा राहिला पाहिजे; तो माजघरात असेल तर फुटाणे जमिनीवर. ग्राहक प्रथिनांना खिडकीशी उभे करून ठेवण्याचे काम दुसरी प्रथिने करतात. त्यांना परांची-प्रथिने म्हणू या, कारण इंग्रजीत त्यांचे नाव इमारतीच्या परांचीवरूनच पडले आहे. नाव तितकेसे बरोबर नाही, असे आमचे मत. गवंडी काम संपले की परांची उतरवतो; ही प्रथिने उतरवली तर घरच मोडेल. तुळया आणि खुंट्या म्हटले असते तर जास्त शोभले असते. शँक-३ ही अशीच एक तुळई आहे. भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचे हे अर्धे उत्तर.

उरलेले अर्धे म्हणजे ‘नेमके कुठे’. त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

डोळा आणि प्रकाश यांची गोष्ट निघाली की आपल्याकडे इब्ने हैसमचे नाव येतेच, आणि ते यावेच. त्यांच्या ‘किताबुल मनाझिर’ची १०८३ साली उतरवलेली एक प्रत इस्तंबूलला सुलेमानिया ग्रंथालयात आहे. तिच्यात दोन डोळे आणि त्यांच्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसा रेखाटल्या आहेत. चेतासंस्थेच्या जुन्यात जुन्या उपलब्ध चित्रांत ते चित्र मोजले जाते. मात्र आपले लेख बहुधा याच ठिकाणी अभिमानाने थांबतात. आपण पुढे जाऊ.

१८७३ साली युरोपात दोन गोष्टी घडल्या. इटलीत कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगवण्याची रीत शोधली. त्या रीतीने स्पेनचे सांतियागो रामोन इ काखाल यांनी पेशीन्‌पेशी रेखाटून दाखवली. दोघांना १९०६ चे नोबेल एकत्र मिळाले, आणि तरीही पेशी सलग जाळ्यासारख्या जोडलेल्या आहेत की सुट्या, यावर दोघांचे शेवटपर्यंत पटले नाही. गोल्जी ‘सलग’ म्हणत, काखाल ‘सुट्या’. खरे काखाल ठरले. पण ज्या फटीवरून वाद होता, ती फट दोघांच्याही यंत्रात दिसत नव्हती.

का दिसत नव्हती, ते त्याच १८७३ साली जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबे यांनी सांगून ठेवले होते. भिंग कितीही उत्तम घासा, प्रकाश बारीक टिंबापाशी गोळा होत नाही. त्याचा थोडा पसरट ठिपका होतोच. ठिपक्याची रुंदी प्रकाशलहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी, म्हणजे सुमारे २०० नॅनोमीटर. त्याहून जवळ असलेल्या दोन वस्तू एकच दिसणार. ज्या बहिणी मेंदी काढतात त्यांना हे लगेच कळेल. कोनाचे तोंड जाड कापले गेले की कितीही कसबी हात असो, बारीक जाळी उठत नाही, रेघा एकमेकींत मिसळतात. आबे यांचे म्हणणे असे की प्रकाशाच्या कोनाचे तोंड याहून बारीक कापताच येत नाही. येनामध्ये त्यांच्या स्मारकाच्या दगडावर हे समीकरण कोरलेले आहे. दगडात कोरलेले म्हणजे संपलेच, असे सर्वांना वाटले.

१९५० च्या दशकात प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाने ती फट अखेर दाखवली. फटीच्या पलीकडे, ओंजळीच्या बाजूला, एक दाट काळा पट्टा दिसला. तीन-चारशे नॅनोमीटर रुंदीची एक चकतीच ती. या पट्ट्यात प्रथिने खच्चून भरलेली आहेत हे कळले, पण काळ्यात काळे; कोणते कुठे हे सांगता येईना. मग शास्त्रज्ञांनी प्राण्यांचे मेंदू वाटून ही चकती वेगळी काढली आणि तिच्यातली प्रथिने एकेक करून ओळखली. १९९२ साली अमेरिकेत मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेने पीएसडी-९५ नावाचे प्रथिन उजेडात आणले. एका चकतीत त्याचे सुमारे ३०० नग असतात. पुढे होमर आले, शँक आले. फटीच्या अलीकडच्या बाजूला बसून आणि पिकोलो ही वाद्यांची नावे घेतलेली दोन लांबलचक प्रथिने सापडली. यादी शेकड्यांवर गेली.

पण यादी म्हणजे जागा नव्हे. कुटलेल्या मसाल्याचा वास घेऊन अनुभवी बाई सांगेल की यात धणे आहेत, दगडफूल आहे, लवंग आहे. मसाल्याच्या डब्यात कोणती वाटी कुठे होती, हे मात्र कुटल्यावर कुणालाच सांगता येणार नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवून काही प्रथिनांच्या जागा मोजल्या गेल्या, पण ते काम फार संथ. रंगीत प्रकाशात, अनेक प्रथिने एकाच वेळी, हजारो सांध्यांत पाहायची तर आबे यांचा दगड आडवा येत होता.

कडा पुसण्याची युक्ती

श्टेफान हेल हे रोमानियात जन्मलेले जर्मन शास्त्रज्ञ. डॉक्टरेट झाली तरी कायमची नोकरी मिळेना, म्हणून ते फिनलंडमधल्या तुर्कू शहरात गेले. तिथे त्यांना सुचलेली युक्ती १९९४ साली छापून आली. मेंदीचा जाड ठिपका पडतोच ना? पडू द्या. मग कापसाने त्याच्या कडा गोलाकार पुसून टाका, मधला बारीक कण तेवढा ठेवा. प्रकाशाच्या बाबतीत कापूस म्हणजे दुसरा लेसर. पहिला लेसर प्रथिनाला लावलेला रंग चमकवतो. दुसऱ्याचा झोत मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला. तो ज्या भागावर पडतो तिथला रंग विझतो आणि फक्त भोकातला उजळ राहतो. असा बारीक कण पुढे सरकवत सरकवत चित्र उभे करायचे. २००० साली हेल यांनी हे जिवंत पेशीवर प्रत्यक्ष करून दाखवले.

दुसरी वाट अमेरिकेत निघाली. एरिक बेट्झिग यांनी चांगली नोकरी सोडली, काही काळ घर आणि मुले सांभाळली, मग वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात काम केले. तिथे त्यांनी बनवलेले यंत्र फारसे विकले गेले नाही. २००५ साली बेट्झिग आणि त्यांचे मित्र हॅरल्ड हेस, दोघेही तेव्हा बेकार, यांनी हेस यांच्या घराच्या दिवाणखान्यात सूक्ष्मदर्शक उभारला. पैसे स्वतःच्या खिशातले. (शेजाऱ्यांना काय वाटले असेल, याची आम्हाला फार उत्सुकता आहे.)

त्यांची युक्ती समजायला ईदची रोषणाई आठवावी. दूरच्या डोंगरावरून पाहिले तर मिनारावरची दिव्यांची माळ म्हणजे एकच प्रकाशाचा लोळ. पण तेच दिवे एकेक करून लुकलुकले तर? प्रत्येक दिवा दुरून पसरटच दिसेल, पण पसरट ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे अचूक सांगता येते. मध्यावर खूण करा, पुढचा दिवा लागू द्या, पुन्हा खूण करा. हजारो वेळा असे केले की खुणांमधून माळेचा खरा आकार उमटतो. इथे दिवे म्हणजे प्रथिनांना लावलेले, आपोआप लागणारे-विझणारे रंगाचे रेणू. एकटा रेणू पाहता येतो हे विल्यम मर्नर यांनी १९८९ सालीच दाखवले होते. २००६ साली बेट्झिग-हेस यांचा शोध आणि हार्वर्डमधल्या श्याओवेई झुआंग या शास्त्रज्ञ बाईंची जवळजवळ तशीच रीत, दोन्ही प्रसिद्ध झाल्या. २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल हेल, बेट्झिग आणि मर्नर यांना मिळाले. झुआंग बाईंचे नाव त्यात नव्हते. नोबेल एका वेळी तिघांनाच देतात, हे आम्हाला ठाऊक आहे; तरी खटकते.

आबे चुकले होते का? नाही. प्रकाशाचा ठिपका आजही तेवढाच पसरट पडतो. सगळे दिवे एकदम लावायचे नाहीत, एवढेच या मंडळींनी शोधले.

खिडकीसमोर खिडकी

या यंत्रांखाली सिनॅप्स येताच चित्र पालटले. २००६ सालीच फळमाशीच्या सांध्यातले एक प्रथिन हेल यांच्या यंत्रातून पाहिले गेले. त्याचे नाव ‘ब्रूखपिलोट’. जर्मनमध्ये याचा अर्थ विमान आपटणारा वैमानिक. हे प्रथिन कमी पडले की माशीला धड उडता येत नाही, म्हणून हे नाव. साध्या यंत्रात तो नुसता ठिपका होता, नव्या यंत्रात ती कडी निघाली.

२०१० साली हार्वर्डमध्ये झुआंग आणि कॅथरीन ड्युलाक यांच्या गटाने उंदराच्या मेंदूच्या कापांत दहा प्रथिनांच्या जागा मोजल्या. मसाल्याच्या डब्याचे झाकण प्रथमच असे नीट उघडले. फटीच्या पलीकडे, पटलाला लागून पीएसडी-९५. त्याच्या आत, पेशीच्या पोटाकडे शँक आणि होमर. अलीकडच्या बाजूचे बसून आणि पलीकडचा होमर यांच्यातले अंतर सुमारे १५० नॅनोमीटर, म्हणजे जुन्या यंत्रात दोघे एकमेकांत मिसळूनच गेले असते. त्यांनी एकाच प्रथिनाच्या दोन टोकांना वेगवेगळ्या वेळी रंग लावून पाहिला. तेव्हा कळले की बसून आणि पिकोलो कसेही लोळत पडलेले नसतात. त्यांचे एक ठराविक टोक फटीकडे आणि दुसरे आतल्या बाजूला असते. खांब रोवावा तसे.

इथे एक सावधगिरी. रंगाचा रेणू प्रथिनाला थेट चिकटत नाही, तो मधल्या एका प्रतिपिंडाच्या दांडीवर बसतो आणि ती दांडीच काही नॅनोमीटर लांब असते. म्हणजे दिसते ती दिव्याची जागा. घर दांडीभर अलीकडे-पलीकडे. हे काम करणारे लोक आकड्यांसोबत ही गोष्ट नेहमी सांगतात, म्हणून आम्हीही सांगतो.

२०१३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. चकतीत पीएसडी-९५ सारखे पसरलेले नसते, त्याचे पुंजके असतात. फ्रान्समधल्या बोर्दोला दानिएल शोके यांच्या प्रयोगशाळेत दीपक नायर यांनी दाखवले की ग्राहक प्रथिनेही सुमारे ८० नॅनोमीटरच्या अशाच पुंजक्यांत जमतात आणि त्यात पीएसडी-९५ चा हात असतो. नायर आज बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये टॉमस ब्लॅनपीड यांच्या गटालाही तेच आढळले. याच गटाने २०१६ साली पुढचे पाऊल टाकले. अलीकडच्या पेशीत पिशव्या जिथे फुटतात तिथेही प्रथिनांचे पुंजके आहेत, आणि ते पलीकडच्या पुंजक्यांच्या बरोबर समोर येतात. खिडकीसमोर खिडकी.

हे समोरासमोर असणे शोभेसाठी नाही. ग्लुटामेट फटीत सांडताच पसरून पातळ होते. ज्या ग्राहकांवर या संदेशाचा मुख्य भार आहे, त्यांना उघडायला ते दाट लागते. पिशवी फुटली तिथून शंभरेक नॅनोमीटर बाजूला असलेला ग्राहक बहुधा कोराच राहतो. म्हणजे सामान सगळे घरात आहे, माणसेही आहेत, तरी खिडक्या दोन हात सरकल्या तर संदेश क्षीण होणार.

आता भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रात सर्वात लहान ठिपका साधारण एका मिलिमीटरचा. त्या एका ठिपक्यात कोट्यवधी सांधे मावतात. विमानातून शहर पाहावे तसे ते चित्र आहे. रस्ते दिसतात, वस्त्या दिसतात, कुठे आग लागली तर धूर दिसतो. एखाद्या घरातली तुळई कमी आहे हे दिसत नाही. ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ तेवढाच: गाठ नाही, रक्तस्राव नाही, मोठी मोडतोड नाही. तो शब्द लिहिणारे खोटे लिहीत नाहीत. घरातले लोक तो जास्त मोठा वाचतात.

आणि नव्या यंत्रांनी मुलाचा मेंदू पाहता येईल का? नाही. ही यंत्रे मेंदूचे पातळ काप किंवा बशीत वाढवलेल्या पेशी पाहतात. जिवंत उंदराच्या मेंदूत वरवर डोकावण्यापर्यंत त्यांची मजल गेली आहे. मुलासाठी तपासणी रक्ताचीच.

शँक-३ चे जनुक २२ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. एक प्रत तुटली किंवा बिघडली की प्रथिन अपुरे पडते. टोकाचा तुकडाच गळाला तर होणाऱ्या विकाराला फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम म्हणतात: अंग सैल, बोलणे उशिरा किंवा मुळीच नाही, शिकण्यात अडचण, अनेकांत स्वमग्नता. २००७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या तोमा बुर्जेराँ यांच्या गटाने स्वमग्न मुलांच्या काही कुटुंबांत याच जनुकातले बिघाड दाखवले.

जी गोष्ट त्या घरात मोठ्याने वाचून दाखवावी असे आम्हाला वाटते, ती ही. हा बिघाड बहुतेक मुलांमध्ये नव्याने झालेला असतो. आई-वडील दोघांच्याही रक्तात तो नसतो. ग्रहण, नजर, आईचे खाणेपिणे यांचा त्याच्याशी संबंध नाही. नात्यातल्या लग्नाचाही नाही. नात्यातल्या लग्नामुळे काही आजारांची शक्यता वाढते हे खरे आहे आणि आपल्या समाजाने त्यावर मोकळेपणाने बोलायला हवे. पण ते आजार वेगळे, त्यांत दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. इथे एकच पुरते. काही थोड्या घरांत आई किंवा वडिलांच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास नसतो. म्हणून पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी दोघांनीही तपासणी करून जनुकीय सल्लागाराशी बोलावे. दोघांनीही.

औषध आहे का, हेही पत्रात होते. मूळ बिघाड दुरुस्त करणारे औषध आज बाजारात नाही. २०१६ साली एमआयटीमध्ये गुओपिंग फेंग यांच्या गटाने शँक-३ बंद ठेवलेल्या उंदरांत ते जनुक मोठेपणी पुन्हा सुरू केले. सांध्यांची रचना सुधारली, इतर उंदरांशी वागणे सुधारले. भित्रेपणा आणि हालचालींतला बेंगरूळपणा मात्र गेला नाही. तेच लहानपणी सुरू केले तेव्हा त्यांतही फायदा दिसला. ही उंदराची गोष्ट आहे. तिच्या जोरावर कुणी पेशी टोचून देण्याचे लाखोंचे पॅकेज पुढे केले तर घरातले दागिने बाहेर काढू नका. वाचा-उपचार, हातापायांचे व्यायाम, चित्रांवर बोट ठेवून बोलायला शिकवणे, हे मात्र आज उपलब्ध आहे आणि लवकर सुरू केलेले चांगले.

वाचताना एक गोष्ट सापडली, ती त्या भगिनीला आम्ही मुद्दाम कळवली. २०१५ साली एमआयटीच्याच एड बॉयडन यांच्या गटाने उलटी रीत काढली. यंत्र बारीक करण्याऐवजी मेंदूचा कापच फुगवायचा. बाळांच्या डायपरमध्ये पाणी शोषून फुगणारा जो पदार्थ असतो, त्याच जातीचा पदार्थ कापात भरायचा आणि पाणी सोडायचे. काप प्रत्येक दिशेने साडेचार पट वाढतो, प्रथिनांमधली अंतरेही तितकीच वाढतात. मग नेहमीच्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातही बसून आणि होमर वेगवेगळे दिसतात.

तिचे उत्तर मागच्या आठवड्यात आले. आई-वडिलांचे अहवाल हाती आले आहेत. बिघाड दोघांतही नाही. आम्ही पाठवलेले सिनॅप्सचे चित्र, दोन रंगांचे समोरासमोर पट्टे असलेले, सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘यात आपल्या बाळाचे कोणते?’ उंदराच्या मेंदूचे आहे, असे सुनेने सांगितले. डायपरची गोष्ट त्यांना पटली नाही.